आरंभबिंदू कळमनुरी

बालभारतीच्या दहावीच्या ‘गणित भाग २’ या पुस्तकात ‘निर्देशक भूमिती’ हे पाचवं प्रकरण आहे. त्याआधी नववीच्या पुस्तकात याच नावाचं सातवं प्रकरण येऊन गेलेलं असतं. दोन्ही मिळून मोजकीच पानं. मुंबईतल्या शाळेत जी पानं वाचली जातात तीच हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीतल्या शाळेतही. परीक्षेच्या हिशेबात हे सोपं प्रकरण मानलं जातं: सूत्रं पाठ करायची, किमती घालायच्या, गुण पदरात पाडून घ्यायचे. सूत्रं चटकन पाठ होतात, आणि म्हणूनच ती वाचायची राहून जातात. कविता वाचावी तशी ती सावकाश, एकेका चिन्हापाशी थांबून वाचली, तर एकच सुंदर विचार या प्रकरणात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खेळताना दिसतो. मोजायला सुरुवात कुठूनही करा, जे खरं आहे ते बदलत नाही. ज्या गावाची ओळख नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी गावापासूनच्या अंतराने करून दिली जाते, तिथल्या वाचकाला हा विचार विशेष जवळचा वाटावा.

नववीचं प्रकरण संवादाने उघडतं. इमारतीपुढच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत आहेत आणि आलेला पाहुणा दत्ताभाऊंचं घर विचारतो. चिंटू मजला सांगतो, पण त्या मजल्यावर पाच खिडक्या आहेत. मग तो डावीकडून तिसरी खिडकी दाखवतो आणि पाहुण्याची अडचण सुटते. प्रसंग साधा आहे, पण त्यातलं चिंटूचं उत्तर बारकाईने पाहण्यासारखं आहे. पाच खिडक्यांतली तिसरी म्हणजे मधलीच. ‘मधली खिडकी’ एवढं म्हटलं असतं तरी पाहुणा बरोबर पोचला असता. पण ते उत्तर त्या एका इमारतीपुरतं होतं. खिडक्या सहा असत्या तर ते निकामी ठरलं असतं. डावीकडून मोजून दिलेलं उत्तर मात्र कितीही खिडक्यांच्या इमारतीला पुरतं, कारण मोजणी कुठून सुरू केली तेही त्यात सांगितलेलं आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बीज इथेच पडतं. मोजण्याआधी कुठून मोजतो ते जाहीर करायचं.

लगेच दोन अक्ष येतात. एक आडवा, एक उभा, दोघांचा छेद म्हणजे आरंभबिंदू. आडव्या अक्षाला क्ष म्हणू, उभ्याला य. प्रत्येक बिंदूला दोन संख्या, आणि त्यांचा क्रम पक्का: आधी आडवी, मग उभी. (३, ५) आणि (५, ३) हे दोन वेगळे बिंदू आहेत, ही गोष्ट पुस्तक फार गाजावाजा न करता सांगून जातं. अक्षांमुळे प्रतलाचे चार चरण पडतात आणि प्रत्येक चरणात अधिक-उणे चिन्हांची जोडी ठरलेली असते. हे सगळं एक-दोन पानांत होतं. पण इतिहासात याला फार वेळ लागला. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती रेने देकार्त याचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ साली लायडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज आलेखाच्या कागदावर दिसतात तसे काटकोनातले दोन अक्ष त्यात आखलेले नाहीत. ऋण निर्देशक मोकळेपणाने वापरून चारही चरणांत वक्र काढले ते आयझॅक न्यूटनने, १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात. देकार्तच्याच काळात पिएर द फर्मा स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता, पण त्याचं लेखन छापून यायला १६७९ साल उजाडलं. त्या काळातल्या थोर बुद्धीच्या माणसांना जिथवर पोचायला काही दशकं लागली, तिथे नववीतलं मूल एका तासिकेत पोचतं. पाठ्यपुस्तकाच्या साध्या भाषेचं हे मोठेपण आहे.

आता दहावीचं प्रकरण. त्याची जागाच बोलकी आहे. त्याआधी दुसरं प्रकरण पायथागोरसच्या प्रमेयाचं, त्यानंतर सहावं त्रिकोणमितीचं. मधल्या या पाचव्या प्रकरणाचा एक हात मागे पायथागोरसकडे आहे, अंतराच्या सूत्रासाठी. दुसरा हात पुढे टॅन्जन्टकडे आहे, रेषेच्या चढासाठी. सुट्या सुट्या शिकलेल्या गोष्टी इथे एकमेकींना भेटतात.

अंतराचं सूत्र असं: दोन बिंदूंच्या क्ष-निर्देशकांची वजाबाकी करा, तिचा वर्ग करा. य-निर्देशकांचंही तसंच करा. दोन्ही वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. हे कळमनुरीवर उतरवून पाहू. आरंभबिंदू कळमनुरीत ठेवू, पूर्वेला क्ष, उत्तरेला य, एकक एक किलोमीटर. कळमनुरीचा अक्षांश साधारण १९.६७ अंश उत्तर आणि रेखांश ७७.३३ अंश पूर्व. हिंगोलीचा अक्षांश १९.७२ आणि रेखांश ७७.१५. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. हा हिशेब ढोबळमानाने, आकडे सोपे राहतील असा, पूर्ण किलोमीटरात बसवला तर कळमनुरी (०, ०) आणि हिंगोली (−१९, ५) येते. म्हणजे हिंगोली १९ किलोमीटर पश्चिमेला आणि ५ किलोमीटर उत्तरेला. ३६१ आणि २५ यांची बेरीज ३८६, तिचं वर्गमूळ साधारण १९.६. हिंगोली-कळमनुरी सरळ अंतर साडेएकोणीस किलोमीटरच्या थोडं पुढे.

आता आरंभबिंदू उचलून नांदेडला नेऊ. नांदेड कळमनुरीहून जवळजवळ सरळ दक्षिणेला, स्थूलमानाने (−२, −५७) इथे आहे. नांदेडला (०, ०) म्हटलं की कळमनुरी होते (२, ५७) आणि हिंगोली (−१७, ६२). एकूण एक आकडा बदलला. पण वजाबाकी करून पाहा: −१७ मधून २ गेले, −१९. ६२ मधून ५७ गेले, ५. पुन्हा तेच १९ आणि ५, पुन्हा तेच १९.६. नांदेडचे २ आणि ५७ दोन्ही गावांच्या निर्देशकांत सारखेच मिसळले होते, आणि वजाबाकीने ते दोन्हीकडून सारखेच काढून टाकले. सूत्रात वजाबाकी आहे ती यासाठी. अंतर काढताना आरंभबिंदूचा वापर झाला, पण उत्तरात त्याचा मागमूस राहिला नाही.

वर्गाचंही काम आहे. आरंभबिंदू हिंगोलीत ठेवला तर कळमनुरी (१९, −५) होते, सगळी चिन्हं उलटतात. वर्ग केला की उणे-अधिकाचा फरक मिटतो आणि जाण्याचं अंतर येण्याच्या अंतराएवढंच राहतं. वजाबाकी आरंभबिंदू विसरते, वर्ग दिशा विसरतो. काय लक्षात ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं याची इतकी अचूक जाण असलेलं वाक्य चांगल्या गद्यातसुद्धा क्वचित सापडतं.

यानंतर विभाजनाचं सूत्र. दोन टोकांच्या मध्ये असलेला बिंदू त्या रेषाखंडाला दिलेल्या गुणोत्तरात विभागतो, तर त्याचे निर्देशक काय? या सूत्रात मुलं हमखास अडखळतात, कारण गुणाकार तिरपा आहे. गुणोत्तराची पहिली संख्या दुसऱ्या टोकाच्या निर्देशकाला गुणते आणि दुसरी संख्या पहिल्या टोकाच्या. पाठ करताना हा तिढा वाटतो. पण श्रावणात कावड घेऊन निघालेल्या माणसाचा खांदा डोळ्यांपुढे आणला तर तो सुटतो. दोन्ही कळश्या सारख्या भरलेल्या असतील तर खांदा बरोबर मध्ये येतो, हाच मध्यबिंदू. एक कळशी जड असेल तर खांदा तिच्याकडे सरकतो, म्हणजे जड बाजूचा दांडा आखूड राहतो आणि हलक्या बाजूचा लांब. पहिल्या टोकापासूनचा भाग लांब हवा असेल तर वजन दुसऱ्या टोकाला जास्त द्यावं लागतं, म्हणून गुणाकार तिरपा. छेदात दोन्ही वजनांची बेरीज असते, आणि ती तिथे असल्यामुळेच इथेही आरंभबिंदूचं जोखड पडत नाही: सगळे निर्देशक २ ने वाढले तर उत्तरही नेमकं २ नेच वाढतं, बिंदू जमिनीवर जागचा हलत नाही. कळमनुरी-हिंगोलीचा मध्यबिंदू कळमनुरीच्या मोजणीत (−९.५, २.५) येतो आणि नांदेडच्या मोजणीत (−७.५, ५९.५). आकड्यांच्या जोड्या दोन, पण शेत एकच.

तिसरं सूत्र चढाचं. य-निर्देशकांतल्या फरकाला क्ष-निर्देशकांतल्या फरकाने भागायचं. इथे वर्ग नाही, कारण इथे दिशा विसरून चालणार नाही. चढण आणि उतरण वेगवेगळी कळायला हवी. तरीही बिंदूंचा क्रम उलटला तर काहीच बिघडत नाही. अंश आणि छेद दोघांचीही चिन्हं एकदमच उलटतात आणि भागाकारात एकमेकांना खाऊन टाकतात. कळमनुरीहून हिंगोलीकडे पाहिलं तर ५ भागिले −१९. हिंगोलीहून कळमनुरीकडे पाहिलं तर −५ भागिले १९. दोन्हीचं उत्तर −५/१९, म्हणजे साधारण −०.२६. अंतराने वर्ग करून जे साधलं ते चढाने भागाकार करून साधलं. एकाच प्रकरणातली ही दोन सूत्रं एकमेकींशी इतकी मनमोकळी बोलतात, पण पाठांतरात ते बोलणं ऐकू येत नाही.

चढाच्या बाबतीत एक जागा रिकामी आहे. उभ्या रेषेवर सगळ्या बिंदूंचा क्ष-निर्देशक एकच, त्यामुळे छेदात शून्य येतं आणि चढ ठरवताच येत नाही. पुस्तक तिथे कसलीही ओढाताण न करता सांगतं की हा चढ ठरवता येत नाही. सूत्राची हद्द कुठे संपते हे स्पष्ट सांगणं हा गणिताच्या भाषेचा मोठा गुण आहे. आणि अशा रेषेचं समीकरण मात्र नववीतच किती सोपं करून ठेवलेलं असतं: क्ष बरोबर एक ठरलेली संख्या. चढाला जी सांगता आली नाही ती गोष्ट समीकरण एका दमात सांगतं.

रेषेचं समीकरण हा माझ्या मते या सगळ्याचा कळस. भूमितीच्या पहिल्या धड्यांत रेषा ही पट्टी लावून ओढायची गोष्ट असते. इथे ती अट होते. कळमनुरीतून हिंगोलीकडे जाणाऱ्या आपल्या रेषेचं समीकरण ५क्ष + १९य = ० असं येतं. हिंगोलीचे निर्देशक घालून पाहा: −९५ अधिक ९५, शून्य. अट पुरी झाली, हिंगोली रेषेवर आहे. औंढा नागनाथ हे गाव कळमनुरीहून सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेला आणि १५ किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे (−३०, −१५). किंमत येते −४३५. शून्य नाही, म्हणून औंढा रेषेवर नाही. आणि उणे आहे, म्हणून ते रेषेच्या दक्षिणेकडच्या अंगाला आहे. नांदेड घातलं तरी उणेच येतं, तेही त्याच अंगाला. रेषा आता दोन गावांमध्ये ओढलेली रेघ उरली नाही. प्रतलातला कोणताही बिंदू समोर आणा, तो आपला आहे की नाही, नसेल तर कोणत्या बाजूचा, हे ती सांगते.

आता याच रेषेला नांदेडच्या मोजणीतून पाहू. समीकरण होतं ५क्ष + १९य = १०९३. हिंगोलीचे (−१७, ६२) घाला: −८५ अधिक ११७८, बरोबर १०९३. दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहून नुसतं पाहत राहावं अशी आहेत. डावीकडचे ५ आणि १९ जागचे हलले नाहीत. बदललं ते फक्त उजवीकडचं, शून्याचं १०९३ झालं. डावी बाजू रेषेचा स्वभाव सांगते, तिचा कल. उजवी बाजू सांगते की आपण तिला कुठून पाहत आहोत. तेच ५ आणि तेच १९ ठेवून उजवीकडे दुसरी कोणतीही संख्या लिहिली की समांतर रेषा मिळते. मूळचं काय आणि पाहणाऱ्यामुळे आलेलं काय, याची इतकी स्वच्छ वाटणी मला दुसऱ्या कुठल्याही शालेय विषयात दिसलेली नाही.

कळमनुरीने ही वाटणी कारभारातही अनुभवली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला कारभार हैदराबादच्या निजामाचा. त्यानंतर काही वर्षं हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कळमनुरी तालुका त्यात गेला. दर वेळी कागदावरचं केंद्र हललं, मुख्यालय किती लांब त्याचा आकडा बदलला. पण कळमनुरी आणि औंढ्यामधलं अंतर कुठल्याही राजपत्राने कमी-जास्त केलं नाही. राजधान्या बदलत गेल्या ती उजवी बाजू होती, गावांमधली नाती ही डावी.

जमिनीच्या व्यवहारात या विचाराची गरज रोज पडते. खरेदीखतात शेताची चतुःसीमा लिहितात: पूर्वेला अमक्याचं शेत, दक्षिणेला नाला, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला तमक्याचा बांध. ही पद्धत जुनी आणि आपलीशी आहे, शेजाऱ्यांच्या आधाराने जागा सांगणारी. पण शेजारचं शेत विकलं गेलं, नाल्याने पात्र बदललं की तोच कागद वाचायला कठीण होतो. आता भूमी अभिलेख विभागाचे मोजणीदार रोव्हर हे मोजणीचं यंत्र घेऊन बांधावर उभे राहतात तेव्हा ते प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक टिपतात. कोपऱ्यांच्या निर्देशकांवरून बाजूंची लांबी निघते आणि क्षेत्रफळही निघतं. नाला सरकला तरी हा कोपरा सरकत नाही. दहावीत ज्याला अंतराचं सूत्र म्हणतात ते इथे दोन भावांच्या वाटणीत उभं असतं.

आणि आरंभबिंदू म्हणजे राजधानीच असायला हवी असं मुळीच नाही, याचा दाखला आपल्या देशाच्या नकाशातच आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून भारताच्या महासर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याच्या त्रिकोणांची मुख्य साखळी साधारण ७८ अंश रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत आली. बिदरहून वऱ्हाडाकडे जाताना ती कळमनुरीच्या पूर्वेकडून गेली. काम चालू असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हाती घेतलं, आणि भारताच्या नकाशांच्या गणितासाठी आरंभबिंदू म्हणून निवडलं गेलं ते मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर. दिल्ली नव्हे, कलकत्ता नव्हे, मुंबईही नव्हे. कळमनुरीहून ते सुमारे ४९० किलोमीटर उत्तरेला आणि जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर पूर्वेला, म्हणजे जवळजवळ नाकासमोर. एवढ्या मोठ्या देशाची मोजणी एका लहानशा जागेपासून धरली गेली आणि दीड शतकाहून अधिक काळ ती तशीच चालली. आज मोबाइलमधल्या नकाशाच्या गणिताचा आरंभबिंदू पृथ्वीच्या केंद्रात असतो, जिथे कुणीच राहत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सपाट कागदावरची ही भूमिती तालुक्या-जिल्ह्याला चांगली पुरते. कल्याणपूरएवढ्या लांबच्या अंतराला पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते, कारण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखूड होत जातो. पण तिथेही पद्धत हीच राहते: सुरुवात जाहीर करा, मग फरक मोजा.

म्हणून या प्रकरणातून विद्यार्थ्याला एक हक्क मिळतो आणि त्याच्यासोबत एक कर्तव्य. हक्क असा की जिथे आपण उभे आहोत तिथे (०, ०) ठेवता येतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. कर्तव्य असं की आरंभबिंदू कुठे, अक्ष कोणत्या दिशेला आणि एकक कोणतं, हे तिन्ही आधी सांगायचं, म्हणजे दुसऱ्याला आपला हिशेब तपासता येईल. आपल्या जागेवरून बोलणं आणि तरीही सर्वांना पडताळता येईल असं बोलणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना इतक्या थोड्या पानांत शिकवणारा दुसरा धडा मला ठाऊक नाही.

कळमनुरीतल्या, किंवा कुठल्याही गावातल्या, गणिताच्या शिक्षकांनी हे प्रकरण एका खेळाने सुरू करावं असं मला मनापासून वाटतं. वर्गाचे तीन गट करावेत. एकाने आरंभबिंदू कळमनुरीला ठेवावा, दुसऱ्याने हिंगोलीला, तिसऱ्याने औंढ्याला. तिघांनी तिन्ही गावांचे निर्देशक लिहावेत, मग अंतरं आणि चढ काढावेत. निर्देशकांच्या रकान्यांत तिन्ही वह्या एकमेकींशी जुळणार नाहीत. अंतराच्या आणि चढाच्या रकान्यांत तिन्ही वह्या तंतोतंत जुळतील. हे जुळणं स्वतःच्या हाताने घडवलेल्या मुलांना सूत्रात वजाबाकी का आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही, आणि कुणी ते सूत्र उद्या विसरलं तरी त्यांना ते पुन्हा उभं करता येईल.